साल्हेरला नेलेले नारळ

६ जानेवारी १९९७, सोमवार

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! मधल्या सुट्टीत मालतीबाई शिक्षकांच्या खोलीत आल्या आणि गोड आवाजात विचारू लागल्या, "आपल्यापैकी सप्तशृंगीचा गड पायी कोण कोण चढलंय?" मुख्याध्यापिका गोड बोलल्या की सावध व्हावं, एवढं तरी मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळायला हवं होतं. मी हात वर केला. मिरवायची हौस! बाकीच्या सगळ्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना आधीच वास आलेला असणार.

"छान. म्हणजे तुला डोंगर चढता येतो," म्हणाल्या आणि नाव लिहूनसुद्धा घेतलं. इथल्या, सुरतेतल्या कुठल्याशा ट्रस्टने साल्हेर किल्ल्यावर चढाई ठेवली आहे. कॅन्सरच्या संशोधनासाठी. प्रत्येक शाळेतून एक शिक्षक. चढणाऱ्याने ओळखीच्यांकडून वर्गणी जमवायची आणि २ फेब्रुवारीला डोंगर चढायचा.

मला एक कळेना — लोकांना पैसे द्यायचेच असतील तर बसल्या जागी द्यावेत. मला कशाला वर चढवतात? मालतीबाईंना विचारलं. "अगं, तशी पद्धत आहे," म्हणाल्या. कुणाची पद्धत, ते काही सांगितलं नाही.

७ जानेवारी, मंगळवार

ह्यांना सांगितलं. पोट धरून हसले. "तू? रिक्षा स्टँडपर्यंत चालताना धाप लागते तुला!" आत्याबाई मजुरीवर आणलेल्या साड्यांचे धागे कापत बसल्या होत्या, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. सासूने हसावं किंवा रागवावं, काहीतरी करावं! दिपालीने मात्र तिचा पंजाबी ड्रेस काढून दिला. नणंद असावी तर अशी. पलीकडच्या उधन्याच्या मुलाशी तिचं लग्न जमत आलंय, म्हणून सध्या साऱ्या जगावर खूश आहे. ती एकदा उजवली की कात्री ठेवून देणार, असं आत्याबाई दोन वर्षं घोकताहेत.

९ जानेवारी, गुरुवार

रिंग रोडला ट्रस्टची सभा. पंखे, खुर्च्या, खमण, चहा. एका डॉक्टरांनी पडद्यावर गोल गोल जांभळे डाग दाखवले. मला ते आमच्या गल्लीतून वाहणाऱ्या, मिलच्या रंगाच्या पाण्यासारखे दिसले. शेवटी न राहवून उभी राहिले आणि विचारलं, "माझ्या चढण्याने ह्या डागांना काय होणार?" सगळे हसले! पण डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "बेन, लोको वात करे, ए ज मोटी वात छे." लोकांनी बोलायला लागावं, हेच मोठं. कापडबाजारातले जशवंतभाई सगळं सांभाळतात. त्यांनी मला एक टोपी आणि एक बनियन दिलं. दोन्हींवर इंग्रजीत काहीतरी छापलंय. मी पाचवीला मराठी आणि भूगोल शिकवते, पण आजच्या सभेतलं निम्मं डोक्यावरून गेलं.

११ जानेवारी, शनिवार

डॉक्टर म्हणाले लोकांनी बोलावं. बोलले लोक!

दुपारी वर्गणीसाठी गल्लीत फिरले. पहिलंच घर सुंदराचं. तिने दारातच हात कमरेवर ठेवले. "कोन्हा नवस शे वं मास्तरीनबाई?" म्हटलं, नवस नाही, संशोधन आहे. "हा, पन कोन्हासाठे?" सगळ्यांसाठी, म्हटलं. तिने कमरेवरचा हात हनुवटीला लावला. "सगळासाठे कोनी डोंगर चढस का?"

तिचंही बरोबर. आमच्याकडे डोंगर चढतात तो देवीचा. आणि तोही कुणाच्या तरी नावाने. पोर आजारी पडलं, नवरा अंथरुणाला खिळला, की नवस बोलायचा आणि गड चढायचा. उगाच हवा खायला कोण चढतं? मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिने पैसे दिले, वर एक नारळ दिला, आणि मग माझ्याकडे मानेपासून पायापर्यंत असं बघितलं की मला पदर सारखा करावा लागला. दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरी तर मी पोचायच्या आधी सुंदरा पोचली होती.

१४ जानेवारी, मंगळवार

उत्तरायण. सारं सुरत गच्चीवर, आणि आमच्या गच्चीवर पतंगांपेक्षा माझ्याकडेच बघणारे जास्त. कोणी उंधियूची वाटी पुढे करतंय, कोणी "सावलीत बस" म्हणतंय. मला उन्हात बसायचंय! शेवटी वैतागून खाली आले.

आत्याबाई खालीच होत्या, धागे कापत. त्यांनीही तेच विचारलं, अगदी हळू — "कोन्हासाठे चढस तू?" माझं डोकं आधीच फिरलेलं. म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही तरी विचारू नका. तुम्हाला माहीत आहे सगळं." घरात चार वेळा समजावून झालं होतं ना!

त्यांच्या हातातली कात्री थांबली. डोळे भरून आले. मी एवढं वाईट बोलले का? पुन्हा आठवून बघितलं, तसं काहीच बोलले नव्हते. मग त्या उठल्या आणि मला चहा करून दिला. लग्न होऊन बारा वर्षं झाली. आत्याबाईंनी माझ्यासाठी चहा कधी केल्याचं मला आठवत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

घरात काय चाललंय ते मला कळत नाही. सकाळी नळावर हंडा घेऊन गेले तर आत्याबाईंनी हातातून घेतला. "बठ, मी भरस पानी." खिचडीवर तूप. माझ्या ताटात जास्त, ह्यांच्या ताटात कमी! मीठ कमी पडलं म्हणून पूर्वी ज्यांनी माझ्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्याच ह्या का?

संध्याकाळी पल्लवी खेळून आली आणि दप्तराशी चाळा करत उभी राहिली. "आई, तू मरणार आहेस का?" कोणी सांगितलं ग? "सगळेच म्हणतात. तुला कॅन्सर आहे म्हणून तू डोंगर चढतेस." तिसरीतली पोर. मी तिला जवळ घेतलं, हसले, शपथा घेतल्या. ती "बरं" म्हणाली आणि पाढे लिहायला बसली. मला मात्र भाकरी थापता येईना.

तेव्हा आत्याबाईंनाही असंच वाटतंय तर! म्हणून तूप, म्हणून पाणी. तोंड उघडून सांगणार होते की अहो, मी ठणठणीत आहे. पण इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्या ताटात तूप वाढतंय. नाही सांगितलं. वाटायचं ते वाटू दे चार दिवस!

१९ जानेवारी, रविवार

धुडकूमामा आले. हेच दिपालीची सोयरिक जुळवताहेत. नेहमी दारातूनच "चहा टाका" ओरडणारा माणूस, आज चप्पल काढायलाही वेळ लावला. उधन्याचे लोक विचारताहेत, घरात कोणाला आहे? बाईला आहे की आणखी कोणाला? रोग रक्तात असतो का? नक्की कळल्याशिवाय सुपारी फोडणार नाहीत.

मी बनियन आणून दाखवलं, टोपी दाखवली. ह्यांनी समजावलं. मामा मान हलवत राहिले आणि जाताना म्हणाले, "मी समजनू हो, पन त्या लोकेसले कसं समजाडू?"

त्यांचाही दोष नाही म्हणा. प्लेगच्या वर्षी आम्ही सुरत सोडून गावी पळालो, तेव्हा सख्ख्या चुलत्यांनी आम्हाला शिवारातल्या झोपडीत ठेवलं होतं. भाकरी लांबून सरकवायचे. रोगाचं नाव काढलं की माणसं अशीच होतात. आणि मी तर ते नाव टोपीवर छापून हिंडणार आहे.

दिपाली आतल्या खोलीत गेली ती जेवायलाही बाहेर आली नाही.

२२ जानेवारी, बुधवार

नारळ थांबायचं नाव घेत नाहीत. पिशवी भरली, आता गोणी आणलीय. आधी वाटलं, रीत म्हणून देतात. कोणी गडावर निघालं की त्याच्याबरोबर आपला नारळ द्यायचाच. पण तसं नाही. दारातून देत नाहीत. चुलीमागे बोलावतात.

गल्लीतल्या कमलने दार लावून घेतलं आणि सांगितलं — तिच्या नवऱ्याच्या गळ्यात आहे. गळ्याला मफलर बांधून अजून कापडाच्या लूमवर कामाला जातो. "कोनलेच सांगू नको, माय. काम जाई त्यानं." लोटूबाबांनी नारळ धोतरात लपवून आणला. गावाकडे बायको आहे, तिच्या पोटात. आमच्या शाळेत झाडू मारणारी आली. तिचं तर बोलायच्या आधीच रडून झालं होतं.

ह्या सगळ्यांना मी रोज बघते. रोज "काय, बरं ना?" विचारते, आणि रोज "बरं" म्हणतात. एका गल्लीत इतकं? की सगळ्याच गल्ल्यांत असतं आणि कोणीतरी डोंगर चढायला निघाल्यावरच बाहेर येतं? मी त्यांना म्हटलं, वर सप्तशृंगी नाही, हा वेगळा डोंगर आहे. कमल म्हणाली, "उंच शे ना? मंग देवीले दिसंच."

कुणाची समजूत काढायची, आणि ती काढावी की नाही, हेच कळेनासं झालंय.

२५ जानेवारी, शनिवार

आज भडका उडाला. ह्यांनी सांगून टाकलं, "नाव काढून घे. मालतीबाईंना सांग पाय मुरगळला." आणि खरं सांगते, मी कबूल होते! दिपालीचं आयुष्य मोठं की ट्रस्टची टोपी? डाग काय, माझ्याशिवायही डागच राहतील. वर्गणी परत करीन, नारळ परत करीन — नारळ कसे परत करायचे ते मात्र सुचत नव्हतं.

तेवढ्यात आत्याबाई कडाडल्या. "ती जाई!" हे म्हणाले, आई, दिपालीची सोयरिक मोडेल. आत्याबाईंनी पोराकडे बघितलंही नाही, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सोयरिक मोडनी ते मोडू दे. तू जाय."

दिपाली दारात उभी होती, तिने ऐकलं. तिचा चेहरा बघवत नव्हता. सख्खी आई असं बोलते?

मी समजत होते आत्याबाई मला मरायला टेकलेली समजून लाड करताहेत. पण सुनेसाठी कोणी पोटच्या पोरीचं लग्न मोडू देतं का? माझ्यावर इतकी माया होती तर बारा वर्षं लपवली कुठे? आनंद व्हायला हवा होता. भीती वाटते आहे.

२९ जानेवारी, बुधवार

आंघोळीला आज उशीर लावला. गळा, काख, सगळं चाचपून पाहिलं. काही नाही. नाही ना? इतक्या लोकांनी म्हटल्यावर माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी निघायचं आहे. गोणी दारात. दिपालीने ड्रेस परत मागितला नाही, पण बोलतही नाही. मी म्हटलं, "दिपाली, मी आल्यावर उधन्याला स्वतः जाऊन समजावीन." ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही आता काहीच करू नका."

आत्याबाईंनी परात आणून माझे पाय धुतले. सासूने सुनेचे! मी पाय मागे ओढले तर घोटा घट्ट धरून ठेवला. बायका अनवाणी चढतात म्हणून मी घाबरत विचारलं, कॅनव्हासचे बूट आणलेत, घालू का? "घाल. देवी समजी लेई," म्हणाल्या. मग खणात गुंडाळलेला एक नारळ दिला. "हाऊ येगळा फोड." ह्यांनी गोणी रिक्षात टाकली आणि पाठ फिरवून उभे राहिले. चला.

३ फेब्रुवारी, सोमवार

पाय माझे नाहीत. जिना उतरताना कठड्याला धरून, एकेक पायरी. शाळेला सुट्टी टाकली.

डांगच्या जंगलातून बस गेली, पायथ्याच्या आश्रमशाळेत मुक्काम. पहाटे सगळे गोळा झाले. डॉक्टर, व्यापारी, कॉलेजच्या मुली, सगळे टोप्या घालून. आणि मी, गोणीसकट. जशवंतभाईंनी गोणीत हात घातला आणि कपाळाला लावला. "बेन, आ जात्रा नथी!" म्हटलं, मला माहीत आहे हो, गल्लीला माहीत नाही. ते बिचारे डोकं खाजवत राहिले. मग त्यांनीच सगळ्यांच्या पाठपिशव्यांत नारळ वाटून टाकले. एक डॉक्टरांच्याही वाट्याला आला.

गड कसा चढले ते आठवत नाही. आठवतात ते खडकात खोदलेले उंच दगडी टप्पे, एकामागून एक दरवाजे, आणि माझा श्वास. मध्ये एकदा बसले ती उठेचना. मनात म्हटलं, कोण बघतंय, इथूनच परत फिरते. पण नारळ पुढे गेले होते. ज्यांनी दिले त्यांना जाऊन काय सांगणार? उठले. वर पठारावर तळं आहे, गार पाणी. तिथून आणखी एक टेकाड, आणि त्याच्या माथ्यावर इवलंसं देऊळ — परशुरामाच्या पादुका. देवी नाहीच! वाट दाखवणाऱ्याने दक्षिणेकडे बोट केलं. "ती बघा सप्तशृंगी." धुरकट हवेत नुसत्या निळ्या रेघा. मला काही ओळखू आलं नाही, पण "दिसली" म्हटलं आणि हात जोडले.

आणि मग घोटाळा. सगळ्या पिशव्यांतून नारळ काढून ओळीने ठेवले. कुठला कोणाचा? नारळावर काय नाव असतं? कमलचा कुठला, लोटूबाबांचा कुठला — मला रडूच यायला लागलं. इतक्या माणसांनी चुलीमागे नेऊन विश्वासाने दिलेले, आणि मी ते कांद्याबटाट्यासारखे मिसळून टाकले! शेवटी सगळी नावं एका दमात मनात घेतली आणि फोडायला सुरुवात केली. कॉलेजच्या मुली पुढे झाल्या. डॉक्टरांनीही एक फोडला. जशवंतभाईंनी विचारलं, "एक हुं फोडुं?" आणि तोंड पलीकडे करून फोडला. "मारी बा," एवढंच म्हणाले, म्हणजे त्यांची आई. खोबरं सगळ्यांनी खाल्लं.

आत्याबाईंचा वेगळा फोडला. त्यांनी माझ्यासाठी दिला, मग मी माझ्याच नावाने फोडायचा? विचित्र वाटत होतं. मग कोणाचंच नाव न घेता फोडला. आतून स्वच्छ निघाला. खरंच सांगते, बरं वाटलं.

खाली उतरताना डॉक्टरांना विचारलं, संशोधनाने औषध कधी निघेल? ते म्हणाले, औषधं आहेत, वाढत जातील. अडचण वेगळी आहे. माणसं लपवतात आणि फार उशिरा येतात. तोंडाशी आलेली नावं मी गिळली. मला इतक्या जणांनी शपथ घातली होती.

रात्री घरी पोचले. आत्याबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. "चढी उनी?" म्हटलं, हो. "मन्हा फोडा?" हो. "कसा निंघना?" चांगला निघाला. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानांवर बोटं मोडली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

धुडकूमामा आले होते. उधन्याहून नकार.

दिपालीने ऐकून घेतलं आणि मशीनवर जाऊन बसली, शिवायला काही नसताना. हे मला काही बोलले नाहीत, बोलले असते तर बरं झालं असतं. आणि आत्याबाई? भाजी निवडत होत्या. चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. मला त्यांचा राग आला, चांगलाच राग आला! माझ्यासाठी पोरीचा बळी दिला असेल तर मला नको होता तो. उद्या विचारणार आहे, स्पष्ट.

५ फेब्रुवारी, बुधवार

विचारायची वेळच आली नाही. शाळेतून आले तर आत्याबाई एकट्याच. त्यांनी दार लावलं, चोळी सोडली आणि माझा हात धरून डाव्या छातीवर ठेवला. लिंबाएवढी गाठ, टणक. दिवाळीच्या आधीपासून आहे. दिपाली उजवेपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही, असं ठरवलेलं. "पन तू मन्हासाठे डोंगर चढाले निंघनी, आनि माले जगानी हाव सुटनी व माय. आते बरी व्हई ना मी? दागदरकडे जानं नही पडाव ना?"

महिनाभर गल्लीला ओरडून सांगत होते, नवस नाही, नवस नाही. "हा, आत्याबाई," मी म्हटलं, "तुमन्हासाठेच चढनू. पन नवस फिटना नही आजून. ज्याना नवस, त्यालेच फेडाले जानं पडस. दागदरकडेच फेडना शे."

त्यांनी उठून धुतलेलं लुगडं काढलं. दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात उभी आहे, त्या निऱ्या घालताहेत, मी तेवढ्यात हे लिहून घेते आहे.